मोठ्या मार्जारांचे आकारमान आणि अस्थिबल : मोजमापाच्या इतिहासाचा एक अभ्यास

१. विषयप्रवेश

माणसाच्या शरीरयष्टीचे वर्णन करताना मराठी भाषा दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवते. एखादा मनुष्य 'अंगापिंडाने थोराड' असतो, तर दुसरा 'हाडापेराने मजबूत' असतो. पहिल्या शब्दप्रयोगात देहाच्या विस्ताराचा निर्देश आहे, दुसऱ्यात देहाच्या सांगाड्याचा. याशिवाय 'काटक' असा एक तिसराही शब्द आहे. अंगाने बेताचा, परंतु ताण सोसण्यात कोणास हार न जाणारा, असा त्याचा अर्थ. थोराड मनुष्य हाडापेराने मजबूत असेलच असे नाही आणि काटक मनुष्य थोराड तर नसतोच. लोकव्यवहारात सहज पाळला जाणारा हा विवेक प्राणिशास्त्राच्या इतिहासात मात्र फार उशिरा प्रस्थापित झाला.

सिंह मोठा की वाघ, या प्रश्नाची चर्चा गेली दोनशे वर्षे चालू आहे. शिकाऱ्यांच्या आठवणी, वस्तुसंग्रहालयांच्या सूची, शास्त्रीय नियतकालिके आणि सामान्य वाचकांसाठी लिहिलेली पुस्तके, या सर्वांत तो प्रश्न येतो. त्याला दिली गेलेली उत्तरे परस्परविरोधी आहेत. हा विरोध उत्तरे देणाऱ्यांच्या अज्ञानामुळे निर्माण झाला, असे समजणे सोयीचे असले तरी यथार्थ नाही. 'मोठा' आणि 'बळकट' या शब्दांमागे प्रत्येक काळी निरनिराळे माप उभे होते आणि ते माप कोणते, हे सांगण्याची तसदी क्वचितच घेतली गेली. या मापांचा इतिहास पाहिला असता वादाचा बराचसा भाग आपोआप निकालात निघतो, आणि जो उरतो तो अधिक महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत निबंधाचा विषय हा इतिहास आहे.

२. नामकरण आणि आकार

कार्ल लिनीयसने १७५८ मध्ये 'सिस्टेमा नॅचुरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत सिंह, वाघ, बिबळ्या आणि अमेरिकेतील जॅग्वार यांना एकाच 'फेलिस' या प्रजातीत स्थान दिले. तेथील लक्षणे पाहिली तर ती शेपटी आणि अंगावरील रंग यांपुरती आहेत. वाघ म्हणजे लांब शेपटीचा व पट्टेरी, एवढ्यावर त्याची ओळख संपते. आकारमानाला वर्गीकरणात अद्याप जागा नव्हती. आपल्याकडील परंपरेतही स्थिती फारशी निराळी नाही. अमरकोशाच्या दुसऱ्या कांडातील पशुवाचक शब्दांचा वर्ग 'सिंहादिवर्ग' म्हणून ओळखला जातो. सिंहाला मिळालेले हे अग्रस्थान मानाचे आहे, मापाचे नव्हे.

आकारमान हे लक्षण म्हणून पुढे आले, तेव्हा त्याने प्रथम गोंधळच निर्माण केला. हिंदुस्थानातील इंग्रज शिकाऱ्यांत 'पँथर' आणि 'लेपर्ड' हे दोन भिन्न प्राणी आहेत, असा समज दृढ होता. मोठ्या चणीचा, डोंगराळ रानात राहणारा तो पँथर. लहान चणीचा, गावाच्या आसपास कुत्री-शेळ्या उचलणारा तो लेपर्ड. रॉबर्ट स्टर्नडेल यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थान व सिलोनमधील सस्तन प्राण्यांविषयीच्या ग्रंथात या दोहोंना स्वतंत्र जाती म्हणून नोंदविले. स्टर्नडेल हे कोणी हौशी लेखक नव्हते; १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक होत, आणि मध्य प्रांतातील शिवनीच्या रानाचा त्यांना दीर्घ अनुभव होता. त्यांच्या ग्रंथानंतर चारच वर्षांनी विल्यम ब्लॅनफर्ड यांच्या सस्तन प्राण्यांवरील ग्रंथाचा पहिला भाग निघू लागला व त्यात या दोन जाती एक करण्यात आल्या. लहानमोठ्या चणींच्या मध्ये सर्व पायऱ्या सापडत असतील, तर केवळ आकारावरून जाती भिन्न मानता येत नाहीत, हे तत्त्व त्यानंतर मान्य झाले.

या वादाच्या मुळाशी शब्दांचा मोठा हात होता, हे भाषेच्या अभ्यासकाच्या चटकन ध्यानात येईल. इंग्रजीत एका प्राण्याला दोन नावे होती, म्हणून दोन प्राणी शोधले गेले. मराठीत याच्या उलट घडले आहे. ग्रामीण बोलीत 'वाघ' या एका शब्दाखाली पट्टेरी वाघ आणि बिबळ्या हे दोन्ही येतात. फरक करावयाचा झाल्यास 'ढाण्या वाघ', 'पट्टेरी वाघ', 'बिबट्या वाघ' अशी विशेषणे जोडली जातात. त्यामुळे जुन्या कागदपत्रांत 'वाघ मारला' अशी नोंद आढळली, तर तो कोणता हे संदर्भावाचून सांगता येत नाही. नावाने अधिक भेद केल्यास जे होते आणि कमी भेद केल्यास जे होते, त्यांची ही दोन उदाहरणे एकाच भूप्रदेशातील आहेत.

'मोठे मार्जार' या संज्ञेचीही हीच गत आहे. १८३० नंतरच्या काही वर्षांत रिचर्ड ओवेन यांनी दाखविले की, सिंहाच्या जिभेच्या मुळाशी असलेली कंठास्थीची साखळी पूर्णपणे हाडाची नसते. तिच्यात एक लवचीक बंध असतो. १९१६ मध्ये रेजिनाल्ड पोकॉक यांनी या लक्षणाचा विस्तार करून सिंह, वाघ, बिबळ्या आणि जॅग्वार यांचा एक गट केला आणि त्यास 'पँथेरा' हे लॉरेन्झ ओकेन यांनी १८१६ मध्ये योजलेले नाव दिले. आज 'मोठे मार्जार' म्हणून जो समूह ओळखला जातो, त्याचा पाया असा गळ्यातील एका लहानशा हाडावर आहे. अमेरिकेतील प्यूमाचे नर कित्येक बिबळ्यांहून वजनदार भरतात, तरी प्यूमा त्या समूहात नाही. 'मोठे' हे विशेषण येथे मापाचे न राहता कुळाचे झाले आहे.

३. फीत, खुंट्या आणि काटा

एकोणिसाव्या शतकातील मोठ्या मार्जारांच्या मापांचा फार मोठा साठा शिकाऱ्यांच्या नोंदींतून आलेला आहे. या मापांच्या दोन पद्धती होत्या. पहिलीत मारलेल्या जनावराच्या नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत फीत पाठीच्या वळणांवरून फिरविली जाई. दुसरीत जनावर सरळ ताणून नाकाशी व शेपटीच्या टोकाशी एक एक खुंटी ठोकली जाई, आणि जनावर बाजूस करून दोन खुंट्यांमधील अंतर मोजले जाई. एकाच जनावराची ही दोन मापे कधीच सारखी येत नाहीत. १९६७ मध्ये उत्तर भारतात मारला गेलेला आणि पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवण्यात आलेला प्रसिद्ध वाघ घ्या. खुंट्यांच्या पद्धतीने त्याची लांबी ३.२२ मीटर भरली, तर वळणांवरून ३.३८ मीटर. सोळा सेंटिमीटरांचा हा फरक वाघाचा नव्हे, फितीचा आहे. फीत किती घट्ट धरावयाची, हे तर मोजणाऱ्याच्या मनावर अवलंबून असे. वळणांवरून घेतलेल्या मापात मोजणाऱ्याच्या इच्छेला जेवढा वाव असतो, तेवढा खुंट्यांमध्ये नसतो. शिवाय दोन्ही मापांत शेपटी अंतर्भूत असते; आणि शेपटीची लांबी देहाच्या भाराविषयी काहीच सांगत नाही.

या पार्श्वभूमीवर डनबार ब्रँडर यांचे काम उठून दिसते. मध्य प्रांताच्या वनखात्यात त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली. त्या प्रांतात त्या वेळी नागपूर, चांदा आणि भंडारा हे जिल्हेही समाविष्ट होते. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी एखाददुसऱ्या विक्रमी जनावराऐवजी सरासरी मांडली. बेचाळीस प्रौढ नर वाघांचे सरासरी वजन ४२० पौंड, म्हणजे सुमारे १९० किलोग्रॅम, आणि खुंट्यांमधील लांबी सुमारे ९ फूट ३ इंच. शिकारीच्या वाङ्मयात दहा-अकरा फुटांचे वाघ ज्या सहजतेने वावरतात, ती पाहता हे आकडे नीरस वाटतात. परंतु त्यांचे मोल त्या नीरसतेतच आहे. विक्रम हा एका प्राण्याचा असतो. जातीचे वर्णन सरासरीने आणि तिच्याभोवतीच्या विस्तारानेच होऊ शकते.

आता सिंहाकडे वळता येईल. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात जी. एल. स्मट्स व त्यांचे सहकारी यांनी सिंहांच्या वाढीचा पद्धतशीर अभ्यास करून तो १९८० मध्ये प्रसिद्ध केला. तेथील प्रौढ नरांचे सरासरी वजन सुमारे १८८ किलोग्रॅम आढळले. मध्य हिंदुस्थानातील वाघ १९० आणि क्रूगरमधील सिंह १८८. शंभर वर्षांच्या वादानंतर हाती आलेला फरक काट्याच्या चुकीत सहज बुडून जाईल एवढा आहे. उलटपक्षी, एकाच वाघ या जातीत सुमात्रा बेटावरील नर शंभर ते एकशेचाळीस किलोग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे दोन जातींमधील अंतरापेक्षा एका जातीच्या अंतर्गत असलेले अंतर कितीतरी मोठे आहे. 'वाघ मोठा की सिंह' हा प्रश्न कोणत्या प्रदेशातील वाघ आणि कोणत्या प्रदेशातील सिंह, हे सांगितल्याशिवाय अर्थपूर्ण होत नाही.

वजनालाही आपले दोष आहेत. भरल्या पोटाचा वाघ आणि उपाशी वाघ यांत एका रात्रीच्या खाण्याने वीस किलोग्रॅमांहून अधिक फरक पडू शकतो. आणि आमिष बांधून मारलेले जनावर बहुधा भरल्या पोटीच काट्यावर चढते. म्हणून काही संशोधक पोटातील अन्नाचे वजन अंदाजाने वजा करतात, काही करीत नाहीत. दोन तक्ते शेजारी ठेवण्यापूर्वी ही गोष्ट पाहावी लागते.

या चर्चेत केवळ कुतूहलाचा प्रश्न गुंतलेला नाही, हे अमूर नदीच्या खोऱ्यातील वाघांवरून स्पष्ट होते. सैबेरियातील हा वाघ सर्व मार्जारांत थोर, अशी त्याची ख्याती आहे. २००५ मध्ये काही संशोधकांनी त्याच्या वजनांच्या विश्वसनीय नोंदी निवडून एकत्र केल्या, तेव्हा जुन्या नोंदींतील प्रौढ नरांची सरासरी सुमारे २१५ किलोग्रॅम, तर अलीकडे जिवंत पकडून मोजलेल्या नरांची सुमारे १७६ किलोग्रॅम भरली. येथे दोन शक्यता उभ्या राहतात. वाघ खरोखरच लहान झाला असेल. शिकारीत सर्वांत मोठे नर निवडून मारले गेले, भक्ष्य घटले, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाघांची संख्या अगदी थोडी उरल्याने वंशातील वैविध्यही आटले. किंवा जुन्या नोंदींत मोठ्या जनावरांचीच भरती अधिक असेल, कारण लहान वाघाचे वजन करून ते लिहून ठेवण्याची इच्छा कोणास होणार? पहिली शक्यता खरी असेल, तर एका जातीच्या ऱ्हासाचा तो पुरावा आहे. दुसरी खरी असेल, तर तो मानवी अभिमानाचा पुरावा आहे. या दोहोंत निवड करावयाची म्हणजे इतिहासकाराने बखरीची छाननी करावी, तशी जुन्या मापांची छाननी करावी लागते. नोंद कोणी केली, केव्हा केली, कोणासाठी केली आणि कोणत्या काट्यावर केली, हे प्रश्न येथेही टाळता येत नाहीत.

४. कवटीची साक्ष

मांस झडते, वजन बदलते; हाड राहते. म्हणून वस्तुसंग्रहालयांतील अभ्यासकांनी कवटीचा आश्रय घेतला. पोकॉक यांनी १९२९ व १९३० मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात वाघ आणि आशियातील सिंह यांवर जे निबंध लिहिले, त्यांत कातडी आणि कवट्या हीच मुख्य साधने होती. सिंहाची कवटी आणि वाघाची कवटी ओळखण्याच्या खुणा त्यापूर्वीच ठरल्या होत्या. वाघात नाकाची हाडे कपाळाकडे अधिक मागे जातात. सिंहाचा खालचा जबडा सपाट मेजावर ठेवला असता पाळण्याप्रमाणे डोलतो, कारण त्याची खालची कड बाहेर फुगलेली असते. वाघाचा जबडा सहसा स्थिर बसतो. प्रत्यक्ष मापांहून अशा आकारखुणा अधिक विश्वसनीय ठरल्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तथापि हाडही निर्विकार साक्षीदार नाही. १९१७ मध्ये नेड हॉलिस्टर यांनी पूर्व आफ्रिकेतील रानटी सिंहांच्या कवट्या आणि त्याच प्रदेशातून आणून वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात वाढविलेल्या सिंहांच्या कवट्या यांची तुलना केली. दोहोंतील भेद इतका होता की, मूळ ठाऊक नसते तर त्या भिन्न जातींच्या मानल्या गेल्या असत्या. पिंजऱ्यातील सिंहांची कवटी लांबीच्या मानाने रुंद झाली होती. भक्ष्य पकडणे, ओढणे, फाडणे या क्रियांत जबड्याचे व मानेचे स्नायू ज्या रीतीने हाडाला घडवितात, ती घडण पिंजऱ्यात झाली नव्हती. ज्यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताशी हे निरीक्षण जुळते. हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना बदलते, असे त्या सिद्धान्ताचे सार आहे. हाड हे केवळ वंशाचे दान नसून आयुष्याची नोंदही आहे.

कवटीच्या लांबीवरून इतर गुणांचे अनुमान करण्यातही धोका आहे. २००९ मध्ये नोबुयुकी यामागुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंह व वाघ यांच्या कवट्यांतील मेंदूची पोकळी मोजली. सिंहाची कवटी अधिक लांब, परंतु कवटीच्या मानाने मेंदूची पोकळी वाघाची अधिक मोठी, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. एकाच अवयवाच्या दोन मापांनी ज्येष्ठतेचा मान दोघांत वाटून दिला.

५. हाडाचे बळ म्हणजे काय?

आकारमानाकडून बळाकडे जाताना प्रथम गॅलिलिओचे स्मरण करणे आवश्यक आहे. १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन नव्या शास्त्रांवरील संवादग्रंथात त्याने एका हाडाची व त्याच्या तिप्पट लांब हाडाची आकृती दिली आहे. मोठे हाड लहानाच्या तिप्पट जाड काढलेले नाही, त्याहून पुष्कळ अधिक जाड आहे. कारण असे की, देहाची सर्व परिमाणे दुप्पट केली तर वजन आठपट होते, पण हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपटच होते. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पूर्वीच्या दुप्पट भार पडतो. थोराड देह हाडापेराने आपोआप मजबूत होत नाही. त्याला मजबुती वेगळी मिळवावी लागते.

ती मिळविण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे पाय अधिक सरळ ठेवणे, जेणेकरून भार हाडाच्या अक्षातून जाईल व हाड वाकविणारा ताण घटेल. हत्तीचे पाय खांबासारखे असतात ते यामुळे. अँड्र्यू बीवनर यांनी १९८९ मध्ये दाखविले की, लहानांपासून मोठ्यांपर्यंत सस्तन प्राण्यांत साधारणपणे हाच मार्ग अवलंबिला गेला आहे. परंतु मार्जारकुल या नियमाला अपवाद ठरले. लिसा डे आणि ब्रूस जेन यांनी २००७ मध्ये घरगुती मांजरापासून वाघ-सिंहांपर्यंतच्या चालण्याचा अभ्यास केला, तेव्हा देहाचे वजन कित्येक पटींनी वाढूनही पायांची ठेवण जवळपास तीच राहते, असे आढळले. दबा धरणे आणि झेप घेणे हा ज्याचा जीवनक्रम, त्याला पाय खांबासारखे करणे परवडत नाही. म्हणून मोठ्या मार्जाराला दुसरा मार्ग धरावा लागतो. हाडच लांबीच्या मानाने अधिक जाड करावे लागते. वाघाच्या पायाचे हाड म्हणजे मांजराच्या पायाच्या हाडाची केवळ वाढविलेली प्रतिकृती नव्हे.

जाडी या शब्दाचाही नीट विचार व्हावयास हवा. लांब हाड पोकळ नळीसारखे असते. वाकण्याच्या व पिळवटण्याच्या ताणाला नळीचा जो भाग मध्यापासून अधिक दूर, तो अधिक विरोध करतो. म्हणून दोन हाडांत अस्थिद्रव्य सारखेच असूनही ज्याचा घेर मोठा ते ताणाला अधिक पुरे पडते. तेव्हा 'बळ' ठरविण्यासाठी हाडाची लांबी, बाहेरचा व्यास, भिंतीची जाडी आणि ताणाची दिशा, एवढ्या गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. संग्रहालयातील फीत केवळ पहिल्या दोहोंपर्यंत पोचू शकत होती. तिसरीसाठी क्ष-किरणांची गरज होती.

चौथ्या गोष्टीचे, म्हणजे ताणाच्या दिशेचे महत्त्व सुळ्यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. ब्लेअर व्हॅन व्हाल्केनबर्ग आणि सी. बी. रफ यांनी १९८७ मध्ये मांसाहारी प्राण्यांच्या सुळ्यांचा छेद तपासला. कुत्र्याच्या कुळात सुळे बाजूंनी चपटे, म्हणून पुढूनमागून येणाऱ्या ताणाला समर्थ. मार्जारांत ते अधिक गोल, म्हणून कोणत्याही दिशेच्या ताणाला समर्थ. लांडगा वारंवार चावे घेत भक्ष्य थकवितो. मार्जार एकच चावा खोल घेऊन घट्ट धरून राहतो, आणि धडपडणारे जनावर कोणत्या बाजूला हिसडा देईल याचा नेम नसतो. जॅग्वार या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. देहाने तो वाघ-सिंहांहून बराच लहान असतो, परंतु त्याचे डोके मोठे, हातपाय आखूड व जाड असतात. तो कासवाचे कवच फोडतो आणि भक्ष्याच्या कवटीत सुळे रोवून त्याला मारतो. अंगापिंडाने धाकटा, हाडापेराने थोरला, असे त्याचे वर्णन करता येईल. चित्त्याची गोष्ट उलट आहे. त्याची हाडे लांब व सडपातळ असतात. ती वेगासाठी घडली आहेत, झोंबीसाठी नव्हेत. चित्त्याला दुबळा म्हणणे म्हणजे धावपटूला मल्लाच्या मापाने तोलणे होय.

६. डांबरातील अस्थी

या सर्व कल्पनांची कसोटी जिवंत प्राण्यांवर झाली नाही; ती नामशेष झालेल्या प्राण्यांवर झाली. १८५३ मध्ये जोसेफ लीडी यांनी मिसिसिपीतील नॅचेझ येथे सापडलेल्या खालच्या जबड्याच्या एका तुकड्यावरून एका प्रचंड मार्जाराचे वर्णन केले आणि त्यास 'अट्रॉक्स', म्हणजे क्रूर, असे नाव दिले. त्याचे विपुल अवशेष पुढे लॉस एंजेलिस शहरातील रँचो ला ब्रेआ येथील डांबराच्या डबक्यांत मिळाले. जॉन मेरियम आणि चेस्टर स्टॉक यांनी १९३२ मध्ये तेथील मार्जारांवर एक विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. हा प्राणी सिंह होता, वाघ होता की जॅग्वार, यावर मतभेद झाले. जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन यांना १९४१ मध्ये त्यात जॅग्वारचे साम्य दिसले. २००९ मध्ये पेर क्रिस्टियनसेन आणि जॉन हॅरिस यांनीही कवटीच्या आकारावरून त्याला जॅग्वारच्या जवळ नेले. त्याच वर्षी प्राचीन हाडांतून मिळविलेल्या आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासाने मात्र तो सिंहाच्या शाखेत बसविला. दोन शब्दांच्या रूपसाम्यावरून त्यांचे मूळ एक मानण्यात जो धोका असतो, तोच दोन कवट्यांच्या आकारसाम्यात असतो. साम्य हे समान मुळातून येते, तसेच समान व्यवसायातूनही येते.

या प्राण्याच्या वजनाचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. १९९३ मध्ये विलियम अन्योंगे यांनी पायांच्या हाडांच्या मापांवरून त्याचे वजन ३४४ ते ५२३ किलोग्रॅम असावे, असे अनुमान केले. क्रिस्टियनसेन आणि हॅरिस यांच्या २००९ मधील गणिताप्रमाणे नरांची सरासरी २५६ किलोग्रॅम आणि सर्वांत मोठा नमुना ३५१ किलोग्रॅम आला. प्राणी तोच, डबकी तीच. बदलले ते जिवंत प्राण्यांच्या हाडांवरून वजनाकडे जाण्याचे सूत्र. हाडाच्या जाडीवरून वजन काढावयाचे, तर जाड हाड हे जड देहाचे लक्षण मानावे लागते. पण जाड हाड हे झोंबी घेण्याच्या सवयीचेही लक्षण असू शकते. आकारमान आणि अस्थिबल या दोन गोष्टी एकमेकींपासून काढू लागताच दोन्ही संशयास्पद होतात.

खड्गदंती मार्जार 'स्मायलोडॉन' याच्या बाबतीत ही गाठ सुटली. या प्राण्याला पेटर विल्हेल्म लुंड यांनी १८४२ मध्ये ब्राझीलमधील लागोआ सांता येथील गुहांतील अवशेषांवरून हे नाव दिले. रँचो ला ब्रेआ येथील त्याची जाती 'फेटॅलिस' १६० ते २८० किलोग्रॅमची, तर दक्षिण अमेरिकेतील 'पॉप्युलेटर' २२० ते ४०० किलोग्रॅमची होती, असे क्रिस्टियनसेन आणि हॅरिस यांनी २००५ मध्ये ठरविले. म्हणजे 'फेटॅलिस' आकाराने आजच्या मोठ्या वाघ-सिंहांच्या पंक्तीतला. त्याचे लांबलचक सुळे पाहून त्याच्या जबड्याच्या शक्तीविषयी अद्भुत कल्पना रूढ झाल्या होत्या. २००७ मध्ये कॉलिन मॅकहेन्री, स्टीफन रो आणि त्यांचे सहकारी यांनी गणकयंत्राच्या साहाय्याने कवटीची प्रतिकृती करून ताण तपासला. त्याच आकाराच्या सिंहाच्या तुलनेत जबड्याच्या स्नायूंची चाव्याची शक्ती सुमारे एकतृतीयांश निघाली.

२०१० मध्ये जूली मीचेन-सॅम्युएल्स आणि ब्लेअर व्हॅन व्हाल्केनबर्ग यांनी त्याच्या पुढच्या पायातील दंडाच्या हाडाची व मागच्या पायातील मांडीच्या हाडाची क्ष-किरणचित्रे घेऊन आज जिवंत असलेल्या अठ्ठावीस मार्जारजातींशी व देहाने पुष्कळ मोठ्या अशा 'अट्रॉक्स'शी तुलना केली. दंडाच्या हाडाची भिंत कोणत्याही जिवंत मार्जाराहून, किंबहुना 'अट्रॉक्स'हूनही, अधिक जाड आढळली. मांडीचे हाड मात्र इतर मार्जारांच्या मर्यादेतच होते. लांब सुळे मोडण्याची भीती असल्याने भक्ष्याला आधी पुढच्या पायांनी जखडून निश्चल करणे भाग होते, आणि तो भार दंडाच्या हाडाने उचलला, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. स्मायलोडॉन 'बळकट' होता काय, या प्रश्नाचे उत्तर असे तीन प्रकारचे आहे. दंडात असाधारण, मांडीत साधारण, जबड्यात कमी. एका शब्दात ते मावत नाही.

७. उपसंहार

लिनीयसच्या लक्षणांपासून क्ष-किरणचित्रांपर्यंतच्या या प्रवासात मापे अधिक सूक्ष्म होत गेली. पण प्रत्येक नव्या मापाने जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले असे झाले नाही. बहुतेक वेळा त्याने जुना प्रश्न दोन प्रश्नांत फोडला. सिंह मोठा की वाघ, याचे कोणती लांबी, कोणते वजन, कोणता प्रदेश असे तुकडे झाले. कोण बळकट, याचे कोणते हाड, कोणत्या दिशेचा ताण, कोणत्या कामासाठी असे झाले.

ब्रँडर यांनी बेचाळीस वाघांची सरासरी लिहून ठेवली म्हणून शंभर वर्षांनंतरही ती वापरता येते. जावा बेटावरील आणि कॅस्पियन समुद्राकाठचे वाघ विसाव्या शतकात नाहीसे झाले. त्यांच्याविषयी जे कळावयाचे ते संग्रहालयांतील थोड्या कातड्या-कवट्यांवरून आणि जुन्या नोंदींवरूनच कळणार. ती नोंद वळणांवरून घेतलेल्या मापाची आहे की खुंट्यांमधील, हे त्या वेळी लिहिले गेले नसेल, तर आता ते कोणी सांगू शकत नाही. माप लिहिताना मोजण्याची रीत लिहिणे ही क्षुल्लक वाटणारी शिस्त आहे. तिच्या अभावी एका नष्ट झालेल्या प्राण्याची उंची-लांबी मोजणाऱ्याच्या हौसेपासून वेगळी करता येत नाही.